हद्द कोणाची, कावीळ कोणाला?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बावीस वर्षांचा एक मुलगा ओपीडीत आला. डोळे हळदीसारखे पिवळे, लघवी गडद, आठ दिवस अन्नावर वासना नाही. कावीळ उघड दिसत होती. मी नेहमीचे प्रश्न विचारले. गाव घाटाखालचं, घरची विहीर, विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते, घरात दुसरं कोणी आजारी नाही. शनिवार-रविवारी तो घाटात पर्यटकांना भाजलेली कणसं विकायचा.

"दिवसभर थयसर असतंस, मग पाणी खयचा पितंस?" मी विचारलं.

"झऱ्याचा, मॅडम. बर्फासारखा थंड. बाटलीतल्यापेक्षा बरा."

चार दिवसांनी एक बाई आली. ती घाटाच्या वरच्या अंगाच्या गावची, तिथल्याच एका टपरीवर भांडी घासणारी. तिलाही कावीळ. पुढच्या आठवड्यात तिसऱ्याच गावचा एक जीपचालक. तिघांची एकमेकांशी ओळख नव्हती. तिघांच्या घरचं पाणी वेगळं, गाव वेगळं, ग्रामपंचायत वेगळी. सामाईक गोष्ट एकच, घाटातल्या वळणावरचा तो झरा. तिघांपैकी दोघांच्या रक्तात हिपॅटायटिस ई सापडला.

कोणता घाट ते मुद्दाम सांगत नाही. सह्याद्रीच्या प्रत्येक घाटात असा एक तरी झरा असतो. कोणीतरी त्याला पन्हळ किंवा पीव्हीसीचा पाईप लावलेला असतो, गाड्या थांबतात, लोक बाटल्या भरून घेतात. मी चार ठिकाणी फोन केले. माझं मागणं साधं होतं. झऱ्याचं पाणी तपासा, आणि तोवर तिथे 'पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावा.

पहिल्या कार्यालयात सांगितलं, झरा आमच्या पाणी स्रोतांच्या यादीत नाही. दुसरीकडे म्हणाले, रस्ता आणि गटार आमचं, डोंगरातून येणारं पाणी आमचं नाही. तिसरीकडे कळलं, जमीन आमची आहे, पण पिण्याचं पाणी हा आमचा विषय नव्हे. चौथ्या माणसाने प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, पाटी आम्ही लावली आणि उद्या कोणी आजारी पडलं, तर झरा आमचा असं आम्हीच लिहून दिल्यासारखं होईल ना?"

चारही उत्तरं कागदोपत्री खरी होती. कोणी खोटं बोललं नाही, कोणी उर्मटपणा केला नाही. तरी पाणी तपासलं गेलं नाही आणि पाटीही लागली नाही. सत्तावीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझं मत हळूहळू असं झालं आहे, की आपल्याकडचे बरेच आजार कोणाच्या कामचुकारपणातून येत नाहीत, ते दोन हद्दींच्या मधल्या जागेतून येतात. ती जागा कोणाचीच नसते आणि जंतूंना तेवढी पुरते.

आता आंबोलीकडे पाहू. समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरचं, वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणारं हे गाव महाराष्ट्रात सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत गणलं जातं. पावसाळी रविवारी कोल्हापूर, बेळगाव आणि गोव्याच्या गाड्यांची रांग घाटात लागते. ज्या मुख्य धबधब्यासाठी ही गर्दी होते त्याचं नाव आंबोलीचं, हद्द मात्र पारपोलीची. समोरचा रस्ता बांधकाम खात्याच्या अखत्यारीत. वरचा डोंगर वनखात्याचा. वाहतूक पोलिसांची. आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. धबधब्यावर पर्यटकांकडून घेतलं जाणारं शुल्क संयुक्त वनव्यवस्थापन समितीमार्फत. ते शुल्क कोणी घ्यायचं आणि पैसा कोणत्या गावाच्या कामी लागायचा, यावरून वाद झालेले आहेत.

माथेरान, महाबळेश्वर ही थंड हवेची ठिकाणं गिरिस्थान नगरपरिषदा आहेत. तिथे पर्यटकांकडून कर घेणारी आणि कचरा उचलणारी संस्था एकच असते. त्यांचेही प्रश्न आहेत, पण तिथे तक्रार घेऊन कुठे जायचं हे निदान ठाऊक असतं. आंबोली पर्यटनस्थळ म्हणून त्याच रांगेत बसते, कारभार मात्र ग्रामपंचायतीचा. काही हजार वस्तीच्या गावाची घरपट्टी-पाणीपट्टी ती केवढी! तिच्या जोरावर एका रविवारी वस्तीच्या कितीतरी पट येणाऱ्या माणसांचा कचरा आणि मैला सांभाळायचा.

म्हणून गावांमधल्या वादाला मी क्षुद्र म्हणणार नाही. शहरातून येणाऱ्या माणसाला वाटतं, दहा-वीस रुपयांच्या पावतीवरून गावं भांडतात. पण या भागात जमीन आणि हद्द हा जुना, दुखरा विषय आहे. आंबोली, चौकूळ आणि गेळे या तीन गावांचा कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पिढ्यान्पिढ्या कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर सरकारचं नाव लागलेलं ज्यांनी पाहिलं, ती माणसं हद्दीच्या प्रश्नावर सहज सही करणार नाहीत. त्यांची भीती समजून घेतली पाहिजे. माझं म्हणणं इतकंच आहे, की जमिनीचा वाद आणि पाण्याची काळजी या दोन गोष्टी वेगळ्या करता येतात. पहिला सुटायला वर्षं लागली तरी दुसरी थांबू नये.

आता शास्त्राचा भाग. झऱ्याचं पाणी शुद्ध असतं हा आपला आवडता समज. जमिनीतून पाणी हळूहळू झिरपतं तेव्हा माती त्याला गाळते, जंतू वाटेत अडकतात आणि मरतात, हे खरं आहे. पण आपल्याकडच्या सड्यांवर माती वीतभर, आणि खाली जांभा. जांभा सच्छिद्र. त्याच्या भोकांतून आणि भेगांतून मुसळधार पावसाचं पाणी गाळलं न जाता वेगाने खाली उतरतं. वर सकाळी जे सांडलं ते फार वेळ न घेता खालच्या पाइपातून बाहेर येऊ शकतं. ते दिसायला काचेसारखं असतं. हिपॅटायटिसचे विषाणू पाण्याला ना रंग देतात ना वास.

आणि वर काय सांडतं? घाटात थांबलेल्या शेकडो माणसांना लघवी-शौचाला जागा लागते. पुरेशी स्वच्छतागृहं नसली की पुरुष आडोसा शोधतात आणि बायका तासन् तास लघवी दाबून धरतात. त्यांतल्या काही सोमवारी लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन माझ्याकडे येतात. उरलेलं अन्न आणि प्लास्टिक दरीत जातं. त्यावर माकडं, कुत्री, उंदीर येतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस, ज्याच्या तापाची सिंधुदुर्गाला चांगली ओळख आहे. खायला घालून सवय लावलेली माकडं चावतात, आणि प्रत्येक चाव्यामागे रेबीजच्या लशीचे डोस खर्ची पडतात. यातलं कोणतंही दुखणं 'कचरा' या नावाने आमच्या नोंदीत येत नाही. ते कावीळ, ताप, जुलाब, श्वानदंश अशा वेगवेगळ्या रकान्यांत विखुरतं.

आंबोलीची आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ती पाणलोटाच्या माथ्यावर आहे. इथल्या पठारावर पडलेला पाऊस पूर्वेकडे हिरण्यकेशी होऊन आजरा, गडहिंग्लजच्या बाजूने पुढे घटप्रभेला मिळतो. पश्चिमेच्या कड्यावरून पडलेलं पाणी दाणोलीच्या अंगाने तेरेखोलच्या खोऱ्यात उतरतं. एका गावातला कचरा कुजला तर त्याचा अंश दोन दिशांना, दोन राज्यांच्या बाजूला जाऊ शकतो. वरच्या गावाने हात झटकले तर ते फक्त शेजारच्या पंचायतीपुरतं राहत नाही.

वरचा आणि खालचा यांच्यातला वाद माणसांच्या यकृतापर्यंत कसा पोचतो, हे आपण घाटापलीकडेच पाहिलं आहे. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. विषाणू होता हिपॅटायटिस ई. त्या वेळी इचलकरंजी नगरपालिका होती, वरच्या अंगाला कोल्हापूर महापालिका, आणि मधून वाहणारी पंचगंगा. कोल्हापूरचा जयंती नाला नदीत सांडपाणी सोडतो हे खालच्या गावांचं जुनं गाऱ्हाणं. दुसरीकडे इचलकरंजीच्या स्वतःच्या गळक्या जलवाहिन्यांकडेही बोट दाखवलं गेलं. प्रकरणं न्यायालयापर्यंत गेली. एक डॉक्टर म्हणून मला त्या वादात दोन्ही बाजूंचं बरोबर वाटतं. विष्ठा नदीत वरून येते, आणि ती नळात खालच्या गळतीमुळेही शिरते. साथ येण्यासाठी एका बाजूची चूक पुरते. साथ थांबवायची तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी काम करावं लागतं. पण वादात प्रत्येक जण दुसऱ्याचा अर्धा भाग आधी मागतो.

हिपॅटायटिस ई हा बहुतेक निरोगी माणसांत काही आठवड्यांत आपोआप बरा होणारा आजार. पण गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो झाला तर गाठ मृत्यूशी असते. अशा दर चार-पाच बायकांमागे एक दगावू शकते. म्हणून 'साधी कावीळ' हा शब्द मला आवडत नाही. ज्या झऱ्याचं पाणी बावीस वर्षांच्या मुलाला सहा आठवडे झोपवतं, तेच पाणी टपरीवरच्या चहातून, कच्च्या चटणीतून, नीट न धुतलेल्या पेल्यातून एखाद्या गरोदर मुलीच्या पोटात जाऊ शकतं.

दुसरं उदाहरण पुण्याचं आणि अगदी ताजं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण अचानक वाढले. संपूर्ण साथीत दोनशेवर रुग्णांची नोंद झाली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती जंतूऐवजी स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. पायांतली ताकद जाते, काहींना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. बऱ्याच वेळा त्याआधी जुलाबाचा संसर्ग झालेला असतो. इथे रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण हजारातल्या एकाला गुइलेन-बॅरे होतो. म्हणजे एका भागात असे रुग्ण दिसू लागले, तर त्यांच्यामागे जुलाब होऊन गेलेली कितीतरी माणसं असणार.

यांतली नांदेड, किरकटवाडी ही गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत आलेल्या २३ गावांपैकी. हद्द बदलली, कराचं बिल बदललं, पण तिथे येणारं पाणी जुन्या विहिरीतून, केवळ क्लोरिन टाकून, जलशुद्धीकरण प्रकल्पाशिवाय येत होतं. गाव ग्रामपंचायतीचं राहिलं नाही आणि पुरतं महापालिकेचंही झालं नाही. जंतूला नेमकी तीच मधली जागा मिळाली. पुण्यासारख्या साधनसंपन्न शहरात हे होत असेल, तर घाटातल्या दोन पंचायतींकडून आपण काय अपेक्षा ठेवायची?

दुसऱ्यांना बोल लावण्याआधी माझ्या खात्याकडे पाहते. आमच्या रोगनोंदीत रुग्ण त्याच्या राहत्या गावावर लावला जातो. तो कणीसवाला, ती भांडी घासणारी बाई आणि तो जीपचालक तीन वेगळ्या उपकेंद्रांच्या यादीत गेले. प्रत्येक यादीत कावीळ एक. एक रुग्ण म्हणजे साथ नव्हे, म्हणून कुठेच घंटा वाजली नाही. तिघे योगायोगाने एकाच ओपीडीत आले नसते तर मलाही कळलं नसतं. आणि त्याच झऱ्याचं पाणी पिऊन बेळगावला, कोल्हापूरला, पणजीला परत गेलेल्या पर्यटकांचं काय? हिपॅटायटिस ई पाणी प्यायल्यावर दोन ते दहा आठवड्यांनी डोकं वर काढतो. जूनमधली सहल ऑगस्टमध्ये कोणाला आठवते? त्यांचे डॉक्टर त्यांच्या घरचं पाणी तपासायला सांगत असतील.

पाणी तपासण्याची आपल्याकडची पद्धतही हद्दीत बांधलेली आहे. गावच्या सार्वजनिक स्रोतांची यादी असते. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर त्यांचं स्वच्छता सर्वेक्षण होतं. त्यावरून ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. जलसुरक्षक टीसीएल टाकतो, ओटी टेस्ट होते, आरोग्य कर्मचारी नमुने प्रयोगशाळेत पाठवतात. ही व्यवस्था चांगली आहे, तिने कोकणातल्या गावांचे जुलाब कमी केलेले मी पाहिलेत. पण ती यादीवर चालते, आणि यादी मालकीवर. घाटातला झरा कोणत्याच यादीत नाही म्हणून तो लाल नाही, पिवळा नाही, हिरवाही नाही. गावाला हिरवं कार्ड मिळतं आणि गावातला मुलगा घाटात जाऊन कावीळ घेऊन येतो.

नियमांचीही गत तशीच. २०१६ चे घनकचऱ्याचे नियम लिहिताना डोळ्यांसमोर मुख्यतः शहरं होती. त्याच वर्षीच्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांत ग्रामपंचायतींवर जबाबदारी आली, पण जबाबदारीबरोबर टेम्पो, माणसं आणि कचरा टाकायला जागा आली नाही. २०१८ साली राज्यात प्लास्टिकबंदी झाली. तरी पावसाळा संपला की घाटातल्या दरीत काय दिसतं ते आपण सगळे पाहतो.

हद्दी ओलांडून काम करता येतच नाही असं मात्र नाही. ते आम्ही याच जिल्ह्यात केलं आहे. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात आणि पुढच्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातल्या बांदा परिसरात माकडताप आला. क्यासनूर जंगलातून नाव मिळालेला, गोचिडीतून पसरणारा हा विषाणू. जंगलात माकडं मरायला लागली की माणसांना धोका. सुरुवातीला तिथेही हाच प्रश्न होता. मेलेलं माकड कोणाचं? ते वन्यप्राणी म्हणून वनखात्याचं, शवविच्छेदनासाठी पशुसंवर्धनचं, आजार माणसाला म्हणून आरोग्य खात्याचं, आणि पडलं गावच्या बागेत म्हणून पंचायतीचं. काजूचा हंगाम ऐन भरात, लोक जंगलात जाणारच. माणसं मेल्यावर मात्र सगळे एका टेबलाशी बसले. कोणी कळवायचं, कोणी उचलायचं, कोणी फवारायचं, गोचिडी दूर ठेवणारं डीएमपी तेल कोणी वाटायचं, हे ठरलं. आज त्या पट्ट्यात माकड मेलेलं दिसलं तर फोन कुठे करायचा हे शाळकरी मुलंही सांगतात. कोणाची हद्द बदलली नाही. फक्त कामाला नाव लागलं. एवढंच करायला आपल्याला माणसं दगावण्याची वाट पाहावी लागली, ही खंत आहे.

आंबोलीतच दुसरं उदाहरण आहे. इथल्या हिरण्यकेशीच्या उगमाजवळच्या मंदिराच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली. २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी तिला शिस्तुरा हिरण्यकेशी असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने ती २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी इतक्या लवकर निर्णय झाला याचा मला आनंद आहे. स्वच्छ वाहत्या पाण्यात जगणारा तो मासा, त्याला जपणं म्हणजे पाणी जपणं. माशासाठी जे जमलं ते माणसासाठी जमू नये का?

माझ्या सूचना मोठ्या नाहीत. वेगळी नगरपरिषद करा असं मी म्हणत नाही. तो निर्णय गावकऱ्यांचा, आणि नव्या करांची व नियमांची त्यांची धास्ती खरी आहे. दोन ग्रामपंचायतींनी सामाईक कामासाठी संयुक्त समिती नेमण्याची सोय ग्रामपंचायत अधिनियमात आधीच आहे. तिच्यात वनखातं, बांधकाम खातं आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर बोलवावेत. समितीपुढे हद्दीचा विषयच आणू नये. तिच्यापुढे तीनच गोष्टी असाव्यात. पाणी, शौचालय आणि कचरा.

पाण्याची यादी मालकीवरून नव्हे, वापरावरून करावी. लोक ज्याचं पाणी पितात तो प्रत्येक झरा, जमीन कोणाचीही असो, जवळच्या आरोग्य केंद्राच्या तपासणी यादीत यावा. पावसाळ्याच्या तोंडावर एकदा आणि गर्दीच्या महिन्यांत दर महिन्याला नमुना घ्यावा. निकालाची पाटी झऱ्याशी लावावी. पाटी लावली म्हणजे झऱ्याची मालकी मान्य केली असं होत नाही, हे वरिष्ठांनी लेखी कळवलं की त्या चौथ्या माणसाची भीती जाईल.

धबधब्यावर जमा होणाऱ्या शुल्कातला ठरावीक हिस्सा कोणत्याही गावाच्या वाट्याआधी स्वच्छतेसाठी बाजूला काढावा. स्वच्छतागृहं, त्यांची टाकी उपसणारा टँकर, रविवारी संध्याकाळी कचरा खाली नेणारा टेम्पो. उरलेल्याची वाटणी गावांनी भांडून का होईना करावी. किती जमा झाले आणि कशावर गेले, हे धबधब्यापाशीच फळ्यावर लिहावं. पावती फाडणाऱ्या पर्यटकालाही ते वाचता येईल, आणि गावांमधला निम्मा संशय हिशेब दिसल्यावर कमी होईल.

टपरीवाल्यांना हुसकावू नये. पावसाळ्याच्या चार महिन्यांच्या त्या कमाईवर घरं चालतात. उलट तेच या झऱ्यांचे पहिले राखणदार होऊ शकतात. त्यांना टीसीएल वापरायला शिकवा. हजार लिटर पाण्याला सुमारे पाच ग्रॅम, अर्धा तास थांबायचं, मग वापरायचं. पावडर जुनी आणि ओलसर झाली की तिच्यातला क्लोरिन उडून जातो, म्हणून डबा घट्ट बंद ठेवायचा. चहाचं पाणी उकळतं, त्याची चिंता कमी. पण भांडी धुण्याचं, चटणीचं आणि नुसतं प्यायचं पाणी हेच खरं दार आहे.

आणि आमच्यासाठी एक. कावीळ, विषमज्वर किंवा जुलाबाच्या प्रत्येक रुग्णाला गाव विचारतो तसं 'गेल्या दोन महिन्यांत बाहेर कुठे पाणी प्यायलात' हेही विचारावं, आणि ते उत्तर त्या ठिकाणच्या आरोग्य केंद्राला कळवावं. एक फोन पुरतो. सिंधुदुर्ग, कोल्हापूर, बेळगाव आणि गोवा यांच्या आरोग्य यंत्रणांनी पावसाळ्याआधी एकमेकांचे नंबर घेऊन ठेवले, तरी बरंच साधेल.

वाचकांसाठीही थोडं. घाटात जाताना पाणी घरून न्या, बाटली परत आणा. माकडांना खायला घालू नका. सहलीनंतर अडीच महिन्यांच्या आत भूक मेली, मळमळ होऊ लागली, लघवी गडद झाली तर डॉक्टरांना सहलीबद्दल सांगा. कावीळ उतरवण्यासाठी झाडपाल्याच्या औषधामागे दिवस घालवू नका. बहुतेक कावीळ तशीही उतरते आणि श्रेय औषधाला मिळतं. जी उतरायची नसते तिच्यात हेच दिवस मोलाचे असतात. रुग्ण गुंगीत जाऊ लागला, बरळू लागला, उलट्या थांबेनात, रक्तस्राव झाला, किंवा रुग्ण गरोदर असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

तो मुलगा दीड महिन्यात बरा झाला. दसऱ्याच्या सुमारास तपासणीला आला तेव्हा डोळे पांढरे होते. पुढच्या पावसात पुन्हा कणसं विकणार म्हणाला. घरून पाण्याचा कॅन नेणार आहे. "पण मॅडम," तो म्हणाला, "बाकीची माणसा पितत त्येंका मी काय सांगू? माझा ऐकतली काय?"

त्याचं कोणी ऐकणार नाही, हे खरं. झऱ्यावरच्या पाटीचं कदाचित ऐकतील. ती पाटी या पावसाळ्याआधी कोणीतरी लावावी. कोणाच्या हद्दीत ते नंतर ठरवता येईल.